सोड्यांच्या रंगाची करंदी

हरेश, करंदीला पाठीमागे डोळे नसतात आणि तरीही संकट आलं की ती पाठीमागेच पळते, हे मला तू सांगितलंस. तोंड शत्रूकडे, मिशा त्याच्याकडे, डोळ्यांचे दोन काळे मणी त्याच्यावर रोखलेले, आणि शेपटीच्या एका झटक्यासरशी सगळं अंग मागच्या मागे, कधी पाहिलेलंच नाही अशा पाण्यात. तू गेल्यापासून माझं तसंच चाललं आहे. तोंड तुझ्याकडे आहे आणि पुढचे दिवस माझ्या पाठीवर येऊन आपटतात.

सोसायटीच्या फलकावर तुझा जहाजावरच्या गणवेशातला फोटो लागला. त्याखाली जे लिहायची रीत आहे ते लिहिलं होतं आणि ते सगळं खरंच होतं. पण त्यात आपण दोघं नव्हतो. नवीन पनवेलमधल्या माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, कोंबडीची पिसं, जरीचे धागे, आणि बेसिनच्या बुचाला असते तसल्या मण्यांच्या साखळीचे तुकडे, या पसाऱ्यात बसलेले बहीणभाऊ त्यात नव्हते. साठी ओलांडलेली मराठीची निवृत्त प्राध्यापिका आणि तिचा धाकटा भाऊ मिळून, पनवेलमध्ये कधीही न येणाऱ्या एका माशासाठी खोट्या करंद्या बांधत बसतात, ही गोष्ट निधनवार्तेत कुठे बसवणार?

तो मासा तू जहाजाच्या नोकरीत असताना परक्या समुद्रातल्या कुठल्याशा बेटावर पाहिलास. बोनफिश. तू परतलास तेव्हा आई होती. खाटेच्या कडेला बसून तू तिला सांगत होतास, की तिथं आपल्या मिठागरासारखंच सपाट, गुडघाभर पाणी असतं, फक्त खाली चिखल नाही, पांढरी वाळू. मासा दिसतच नाही, कारण त्याच्या अंगाचा आरसा असतो आणि आरशात वाळूच दिसते. दिसते ती त्याची सावली. मग तो करंदी हुडकायला तोंड वाळूत खुपसतो आणि त्याची शेपटी पाण्याबाहेर येते, उन्हात चमकते.

“खायला कसा लागतो?” आईने विचारलं.

“खात नाय त्याला. काटे लय.”

“मंग?”

“पकरायचा आन सोरायचा.”

 आई माझ्याकडे वळून म्हणाली, “याला जहाजावर काय खाया घालत व्हते गं?”

माशाला फसवण्यासाठी गळावर पिसं-धागे बांधून जो किडा किंवा करंदी तयार करतात, त्याला इंग्रजीत फ्लाय म्हणतात. मी त्याला माशी म्हणायला तयार नव्हते. कोळंबीच्या घराण्यातल्या जिवाला माशी कसं म्हणावं? तू म्हणालास, “मंग खोटी म्हन. खोटी करंदी.” पुढे करंदी गळून पडली आणि नुसती खोटी राहिली. मराठीत खोळंब्यालाही खोटी म्हणतात, हे मी तुला सांगितलं तेव्हा तू टेबलावर थाप मारलीस. पिसं उडाली. “बरोबर हाय की, बाय! तिला बघून मासा जागेव थांबला पायजे. त्याची खोटी झाली तरच आपलं काम झालं.” पस्तीस वर्षं मी मुलांना श्लेष शिकवला. असा आनंद एकाही वर्गाला झालेला मी पाहिला नव्हता.

हळूहळू आपली एक भाषाच तयार झाली. पाण्यातली दोरी डाव्या हाताने आपल्याकडे ओढतात ती ‘ओढ’. लांब ओढ, मग थांबायचं, खोटीला वाळूवर बसू द्यायचं, मग दोन आखूड ओढी. तुला ते जमेना. मी म्हटलं, कवितेतले लघू-गुरू धर. गा, मग विसावा, मग ल ल, मग पुन्हा गा. त्यानंतर तू चालताना, पाणी भरताना, बसची वाट बघताना डाव्या हाताने हवेतून काहीतरी ओढत पुटपुटायचास, गा… लल गा. वैशाली मला फोन करून विचारायची, “ताई, यांना तुम्ही गाणं शिकवताय का?”

माझी पहिली खोटी मला अजून आठवते. रेशमाचे दोन पदर, केशरी आणि फिका गुलाबी, मधून जरीची एकच तार, शेपटीला तपकिरी पीस. मी तीन संध्याकाळ ती बांधत होते. तू ती खिडकीशी नेलीस, उजेडात फिरवलीस आणि तुझे खांदे हलू लागले.

“बाय, ही शिजलेली हाय.”

“म्हणजे?”

“करंदी जिती कुठं अशी असते? हे तर सोडे हायत. मासा काय भाताबरोबर खानार हाय?”

मी रागावले, पण तुझं बरोबर होतं. मला करंदीचा तोच रंग ठाऊक होता. आपल्या घरात करंदी टोपलीतून येते, तेव्हा ती मेलेली आणि दुधट असते. ती आपल्यासाठी करंदी होते ती नंतर, अंगणात वाळून केशरी झाली की, नाहीतर कढईत तेल सुटताना गुलाबी झाली की. समुद्राच्या काठी जन्मलेल्या मला समुद्रातल्या करंदीचं रूप माहीत नव्हतं. स्वयंपाकघरातलं तेवढं माहीत होतं.

दुसऱ्याच रविवारी तू मला करंजाला नेलंस. बंदरावर लिलाव संपत आला होता, ओल्या जाळ्यांचा आणि वाळत घातलेल्या बोंबलांचा वास एकमेकांत मिसळून घशाशी बसत होता. तू लोणच्याची रिकामी बरणी पुढे केलीस आणि एका म्हाताऱ्या कोळणीला म्हणालास, “मावशे, चार जित्या करंद्या टाक. खाऱ्या पान्यातच दे.”

“चार?” तिने तुला आपादमस्तक न्याहाळलं. “चार करंद्यांत काय करताव? चिमनीचं बारसं हाय काय?”

“बघायच्या हायत.”

“मंग बघा ना हितंच. आमी काय तिकीट लावलंय?” असं म्हणत तिने बरणीत मूठभर टाकल्या.

मी बरणी उन्हात धरली आणि प्रथम मला तिच्यात काहीच दिसलं नाही. मग पाण्यात पाण्याचीच एक घडी हलली. काचेची पाठ, केसाएवढ्या बारीक मिशा, पोटात एक काळसर रेघ. एका करंदीच्या अंगातून पलीकडच्या होडीचा निळा रंग आरपार दिसत होता. परतताना बसमध्ये बरणी माझ्या मांडीवर होती आणि वळणावळणाला त्या घड्या मागे, मागे उडत होत्या.

त्या दिवसापासून तू काचेच्या करंद्या बांधू लागलास. नव्या शर्टाच्या वेष्टनातल्या पातळ प्लास्टिकची पट्टी, नायलॉनच्या तारा, त्यावर राखी पिसाचे दोनच तंतू. साखळीचे मणी गळाच्या वरच्या अंगाला अशा रीतीने बांधायचास, की पाण्यात खोटी उलटी होऊन गळाचं टोक वर राहावं, खडकात अडकू नये. पाण्याच्या भांड्यात टाकली की तुझी खोटी नाहीशी व्हायची. मी मात्र सोड्यांचा रंग सोडला नाही. तिथून आपला वाद सुरू झाला.

माझं म्हणणं असं होतं, की उपमेत सगळंच सारखं असून चालत नाही. एकच गोष्ट सारखी असावी आणि बाकी सगळ्या वेगळ्या, तरच ती चमकते. खोटी करंदीसारखी हलली की पुरे, तिने करंदी व्हायची गरज नाही. उलट अगदी हुबेहूब झाली, तर हजारो खऱ्या करंद्या सोडून मासा तिच्याकडेच का येईल? तू ऐकून घेतलंस, दोरा दातांनी तोडलास आणि म्हणालास, “मुख चंद्रासारखं म्हनतेस ना तू? तुज्या चंद्राला कोन तोंडात घालत नाय, बाय. हिला घालनार हाय.”

मी केशरी रेशमाचा नवा पदर पुढे ओढला. 

तुझ्या डबीत एका बाजूला तुझ्या खोट्या आणि दुसऱ्या बाजूला माझ्या असायच्या. बांधणं दोघांचं, पण पाण्यात उतरणं तुझं, असं न बोलता ठरलं होतं. सकाळी मैदानावर तू दोरी फेकायचा सराव करायचास. ती लांब पिवळी दोरी तुझ्या डोक्यावरून मागे जायची, क्षणभर हवेत ताणून थांबायची आणि मग पुढे उलगडायची. फिरायला आलेले एक गृहस्थ रोज थांबून बघायचे. एके दिवशी त्यांनी अत्यंत आदराने विचारलं, “साहेब, पतंग केव्हाच कटलाय ना?”

हाच मासा तिथंही असतो म्हणून पहिल्यांदा आपण लक्षद्वीपला गेलो तेव्हा मी किनाऱ्यावर माडाच्या सावलीत बसले होते. उथळ पाण्यात तू इतका हळू चालत होतास, की तुझ्या पायांपाशी लाटसुद्धा उठत नव्हती. एक शेपटी वर आली. तू दोरी टाकलीस. तुझा डावा हात हलताना मी काठावरून मोजत होते. गा. विसावा. लल. आणि मग तुझा उजवा हात, आपल्या खाडीवर बांबूच्या काठीने गरवताना मारतात तसा, हिसक्याने आकाशाकडे गेला. काठी वर, दोरी वर, खोटी पाण्याबाहेर, आणि मासा वाळूवर नुसती धुळीची एक रेघ ठेवून निघून गेलेला. काठी खाली ठेवून दोरी सरळ ओढायची असते, हे तूच मला शंभरदा समजावलं होतंस. परत येऊन तू शेजारी बसलास, पावलांवरची वाळू झटकत. “मला सगळं म्हाईत हाय गं. पन या हाताला बाबांनी शिकवलंय ना. तो माजं नाय ऐकत.”

मिठागराच्या बांधावर बाबांच्या शेजारी बसलेला, पाय खाऱ्या पाण्यात सोडलेला सहा वर्षांचा तू मला त्या क्षणी असा लख्ख दिसला, की मी तोंड फिरवलं. त्या बांधावर आता इमारती उभ्या आहेत. तो बांध तुझ्या मनगटात तेवढा उरला होता.

गेल्या हिवाळ्यात आपण पुन्हा गेलो. शेवटची दुपार होती. भरती चढत होती, पाण्याचे हिरव्यापासून दुधी निळ्यापर्यंत इतके रंग होते, की एकालाही नाव देता येत नव्हतं. तू बराच दूर गेला होतास, उन्हाच्या तिरिपीत मला तुझी काळी आकृती दिसत होती, एवढंच. अचानक तुझी काठी वाकली. दोरी ताठ झाली. मी उठून उभी राहिले. मी ओरडले, मला वाटतं, आणि दोन्ही हात वर केले. तू माझ्याकडे पाहिलंस. मग एक हात उंचावलास. किती तरी वेळ काठी वाकलेली होती, मग तू पाण्यात ओणवा झालास, हात बुडवून काहीतरी केलंस आणि सरळ झालास.

“लागला?” तू काठावर यायच्या आधीच मी पाण्याच्या कडेशी धावले.

“लागला.”

“सोडलास?”

“मंग काय, घरी आनू? काटे लय.”

“हरेश, कुठल्या खोटीला? तुझ्या की माझ्या?”

तू टोपी काढलीस, कपाळावरचं मीठ पुसलंस आणि हसलास. “पनवेलला सांगीन.”

पनवेलला आल्यावर म्हणालास, होळीला सांगीन. होळीला म्हणालास, आंबे येऊ देत. मी चिडायची, शपथ घालायची, तुझ्यासाठी केलेली वडी ताटातून काढून घ्यायची. तू दाद दिली नाहीस. “एवढी घाई कशाला? तुजी नायतर माजी, दोनच तर हायत.” आंबे आले. आणि एका सकाळी चहाचा कप हातात असताना तू वैशालीला म्हणालास, जरा पडतो. तेवढंच.

तुझं दहावं खाडीच्या काठावर झालं. भटजींनी पिंड मांडला, आम्ही सगळे मागे सरकलो, आणि आम्ही पुरते मागे सरकायच्या आत कावळा शिवला. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. मामा म्हणाले, “सुटला बिचारा. कशात म्हनून जीव नवता अडकला.” कुणी वैशालीच्या पाठीवरून हात फिरवला. मी माझ्या जागी उभी होते. इतरांच्या पिंडाला कावळा शिवत नाही, माणसं तासन्‌तास हात जोडून उभी राहतात, हे करू, ते करू, असं कबूल करतात. माझ्याकडून तुला काहीच कबूल करून घ्यायचं नव्हतं का? आपला वाद तुझ्या लेखी मिटला होता?  परतताना कुणाशी बोलणार तरी काय? मासा कुठल्या खोटीला लागला, हा प्रश्न मी या शहरात ज्याच्यासमोर ठेवीन, त्याला त्यातला एक शब्दही कळणार नाही. खोटी म्हटलं तर लोक विचारतील, कोण खोटी? ओढ म्हटलं तर त्यांना माया समजेल. शब्दकोशातले सगळे शब्द जिवंत आहेत, पण आपण त्यांना दिलेले अर्थ आता मला एकटीलाच येतात. दोघांची भाषा एकाकडे उरली, की ती बोलता येत नाही, तिचा नुसता आवाज डोक्यात होत राहतो.

मी टेबलावर बसायची. दिवा लावायची, दोरा ओवायची. समोरच्या खुर्चीतून कुणी म्हणायचं नाही, की बाय, मीठ घाल, शिजायला आलीय. मी दोरा पुन्हा रिळावर गुंडाळून ठेवायची.

सगळे विधी आटोपल्यावर, पाहुणे पांगल्यावर, वैशालीने मला जेवायला बोलावलं. सुतक संपलं होतं. ती करंदीचं कालवण करत होती. तिने तुझ्या आवडीचं म्हणून केलं होतं आणि तसं ती म्हणाली नाही, मीही नाही. लसूण तडतडला, कोकमाचा आंबट वास घरभर पसरला, कढईतली करंदी बघता बघता गुलाबी झाली. तो रंग मला बघवेना. आणि तिथेच, ओट्याला टेकून उभी असताना, मी तिला विचारलं. माहीत होतं की तिला यातलं काही समजत नाही, तरी विचारलं.

“वैशाली, गेल्या खेपेला त्याला मासा लागला, तो कुठल्या खोटीला लागला, तुला कधी बोलला होता?”

तिचा कालथा थांबला. तिने गॅस बारीक केला. इतकी वर्षं मी तिला पाहते आहे. खरं सांगावं की नाही, हे ठरवताना ती पदराचं टोक बोटाला गुंडाळते. तसं तिने केलं.

“ताई, मासा नव्हता.”

“म्हणजे?”

“खडक होता. गळ खडकात अडकला होता. हात घालून बघितलं, निघेना, मग दोरा तोडला, म्हणाले.” ती कढईकडे बघत बोलत होती. “आल्या दिवशीच मला सांगितलं. मी म्हटलं, अहो, मग ताईंना खोटं कशाला? तर म्हणाले, ती तिकडं काठावर दोन्ही हात वर करून नाचत होती गं. आई गेल्यापासून तिला असं बघितलं नव्हतं. कसं सांगू, की दगड हाय?”

मी ओट्यावरची लसणाची सालं गोळा करू लागले.

“पुढच्या हिवाळ्यात खरा पकडणार होते. मग तो खरा लागला, की हा खोटा त्याच्याखाली आपोआप झाकून जाईल, असं त्यांचं. मला शपथ घातली होती.” आता तिचे डोळे भरले. “रागावलात?”

मला आधी स्वतःलाच कळलं नाही, की मी हसते आहे. ते हसू हुंदक्यासारखंच बाहेर आलं. दगड! अर्धा तास तू त्या दगडाशी झुंजत राहिलास, काठी वाकवून, हात उंचावून, ओणवा होऊन त्याला पाण्यात अलगद सोडण्याचं सोंग करून. आणि मग चार महिने त्या दगडावरून मला तुझ्या ताटातल्या वड्या काढून घेऊ दिल्यास. वैशाली घाबरून माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, “अगं, त्याने दगडाला पाणी पाजून परत सोडलं!” आणि मग तीही, पदर तोंडाशी धरून, हसू लागली. कालवण तळाला लागलं. तुझ्या त्या घरात इतक्या दिवसांत तेवढाच आवाज झाला.

जेवताना मी तिला विचारलं, “खडकात अडकली ती कुठली? केशरी की काचेची?”

“ते मी नाही विचारलं, ताई. मला वाटलं, दगडाला काय, कुठलीही चालते.”

हरेश, मी तुला माफ करण्यासाठी हे लिहीत नाही. माफ करण्यासारखं तू काही केलेलं नाहीस. माझ्या आनंदाला तू दगड म्हणू शकला नाहीस, एवढंच. इतकं माझ्याकडे पाहणारं आता कुणी नाही आणि त्याला इलाज नाही. पण कावळ्याचा राग मात्र गेला. तुला वाटलं असेल, सांगायचं काय, पुढच्या हिवाळ्यात निस्तरू. तुझ्यापुरती ती गोष्ट अडकलेली नव्हतीच, नुसती पुढे ढकललेली होती.

रात्रंदिवस जो प्रश्न मी उगाळत बसले, त्याला उत्तर नव्हतं, कारण तो अजून विचारलाच गेलेला नाही. त्या बेटावरच्या कुठल्याही माशाने तुझी किंवा माझी बाजू घेतलेली नाही. तू जिंकला नाहीस, मीही नाही. आणि आता त्या माशाला जाऊन विचारणारं, या जगात, माझ्याशिवाय कुणी नाही.

मी रोज सकाळी तुझी काठी घेऊन मैदानावर जाते आहे. दोरी माझ्या डोक्यावरून मागे जाते आणि थेट कडुलिंबात अडकते. मनगट चुकीच्या वेळी वळतं. खांदा दुखतो. काल ती एकदा, एकदाच, मागे पुरती ताणली गेली, हवेत थांबली आणि पुढे उलगडली, आणि मी वळून बघितलं, कुणाला दाखवावं म्हणून.

पाण्याची मला भीती वाटते, हे तुला ठाऊक होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. गुडघाभरच असतं, तू म्हणायचास. डिसेंबरातल्या भरतीच्या वेळा मी पाहून ठेवल्या आहेत.